सहावा डबा

पाचवा डबा सापडला तेव्हा साडेदहा वाजत आले होते आणि मी मनातल्या मनात उड्या मारत होतो, कारण सहाव्या डब्यात काय आहे ते फक्त मला माहीत होतं.

"कवड्या!" झाकण उघडून आमच्यातली एक मुलगी ओरडली. "सात कवड्या आणि एक चिठ्ठी."

"आधी वहीत नावं लिहा," तौफिक म्हणाला. "नावं लिहिल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही. मागच्या वेळी दोघांनी लिहिली नव्हती. मला सगळं कळतं."

"हो गुरुजी," मी म्हणालो, आणि सगळे हसले.

तौफिक मुजावर आणि मी एकाच कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. तो इचलकरंजीचा, मी हडपसरचा. दोघांनाही पटावरच्या खेळांचं वेड. ल्यूडो, सापशिडी, व्यापार, बुद्धिबळ, जे मिळेल ते. त्यातून आमचा दहाबारा जणांचा गट झाला होता, आणि त्या गटात डबे शोधायचा खेळ आणला तो तौफिकनंच. एक डबा कुठंतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, लोकांनी मोबाइल बघत बघत तिथं पोहोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. जगभर खेळतात हा खेळ. जिओकॅशिंग म्हणतात त्याला.

आम्ही त्याची आपली आवृत्ती काढली होती. खराडीच्या बाजूला आमच्या ऑफिसांची वसाहत होती, सहा उंच काचेच्या इमारतींची. रविवारी तिथं चिटपाखरू नसायचं. तिथं तौफिकनं आणि मी सहा डबे लपवले होते, प्रत्येक डबा एका खेळाचा. एटीएमच्या मागं व्यापार. दोन नंबरच्या इमारतीच्या लोखंडी जिन्याखाली सापशिडी. चार रंगांचे खांब असलेल्या पार्किंगमध्ये ल्यूडो. असं करत करत शेवटचा, सहा नंबरच्या इमारतीसमोर, जिथं काळ्यापांढऱ्या फरशांचं मोठं अंगण होतं, तिथल्या दगडी बाकाखाली बुद्धिबळ.

तौफिकचे नियम कडक होते. डबा प्लास्टिकचाच, तोही आरपार दिसणारा. वर मोठं पांढरं लेबल: 'हा खेळ आहे. यात धोकादायक काही नाही.' हेच पुन्हा हिंदीत आणि इंग्रजीत. खाली त्याचं स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर. 

"अरे, लपवायचा डबा आहे की लग्नाची पत्रिका?" मी त्याला म्हणायचो. "आतलं सगळं बाहेरून दिसल्यावर मजा काय राहिली?"

"दिसलंच पाहिजे," तो म्हणायचा. याहून जास्त कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.

तर मजा आणायचं काम मी अंगावर घेतलं. जुन्या बाजारात मला बुद्धिबळाचं एक घड्याळ मिळालं होतं. लाकडी, दोन तबकड्यांचं, किल्ली देऊन चालणारं. एकाची चाल झाली की त्यानं वरचं बटण दाबायचं, मग दुसऱ्याचं घड्याळ चालू होतं. त्याची टिकटिक अशी खणखणीत की शेजारच्या खोलीत ऐकू यावी. मला वाटलं, शेवटचा डबा डोळ्यांनी नाही, कानांनी शोधायला लावू. प्लास्टिकच्या डब्यात ते मावेना, म्हणून घरातला फराळाचा चौकोनी स्टीलचा डबा घेतला. झाकण सैल होतं, त्यावरून काळी टेप गुंडाळली. तौफिकचं लेबल मी डब्याला आधीच चिकटवलं होतं आणि टेप नेमकी त्याच्यावरून गेली. मला ते दिसलं होतं. आता पुन्हा कोण सोडवणार, म्हणून तसंच ठेवलं. त्या रविवारी सकाळी आठ वाजता, कुणी यायच्या आत, मी जुना डबा काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला, घड्याळाला पूर्ण किल्ली दिली आणि स्टीलचा डबा बाकाखाली सरकवला. तौफिकला सांगितलं नाही. त्यालाही चकित करायचं होतं.

शहरात बॉम्बस्फोट होऊन तेव्हा दीडएक वर्ष झालं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

कवड्यांचा डबा जागेवर ठेवून आम्ही सहा नंबरच्या इमारतीकडे वळलो आणि शिट्टी ऐकू आली. एक नाही, लागोपाठ तीनचार. कोपऱ्यावरून सिक्युरिटीचे शेळकेमामा धावत येत होते. साठीचा माणूस, कधी भराभर चालताना पाहिला नव्हता.

"मागं व्हा! मागं व्हा समदे!"

"काय झालं मामा?" तौफिकनं विचारलं.

"बॉम्ब हाय! बाकड्याखाली. सहा नंबरच्या म्होरं. डबा हाय, आन् टिकटिक वाजतंय त्यात. पोलिसास्नी फोन केलाय, आलेच बघा."

मला आधी हसू आलं, पण ते ओठापर्यंत यायच्या आत विरलं. एकच वाक्य बोलायचं होतं. मामा, ते माझं घड्याळ आहे. बस्स. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात मेन गेटमधून पोलिसांच्या दोन गाड्या आत शिरल्या. त्यांच्यामागं तिसरी, जाळीची. तिच्यातून कुत्रं उतरलं. आणि मी तोंड मिटलं.

का मिटलं ते आज सांगू शकतो, तेव्हा सांगता आलं नसतं. मार्चमध्ये कंपनी मला जर्मनीला पाठवणार होती. पासपोर्टचा अर्ज दिलेला होता आणि त्याच्या चौकशीला पोलिस महिनाभरात घरी येणार होते. माझ्या डोळ्यांसमोर कागदावरची ती ओळ आली: 'सार्वजनिक ठिकाणी संशयास्पद वस्तू ठेवली.' वडिलांचे गल्लीत पेढे वाटून झाले होते. मला वाटलं, जरा थांबू. ते डबा उघडतील, आत घड्याळ दिसेल, कुणाचं तरी असेल म्हणून सोडून देतील. 

तौफिक मात्र थांबला नाही. त्यानं आधी आमच्या घोळक्याला मागच्या फाटकाकडे पिटाळलं. "रिक्षा पकडा आणि घरी जा. फोटोबिटो काढत थांबू नका. पळा!" मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सुहास, आपला डबापण त्याच बाकाखाली आहे."

"हो."

"म्हणजे कुणीतरी बरोबर आपल्या डब्याशेजारी आणून ठेवलंय. वर माझं नाव आहे, नंबर आहे. जाऊन सांगायला पाहिजे."

"थांब जरा. घाई कशाला?"

"घाई कशाला म्हणजे? त्यांनी शोधत यायच्या आत आपण गेलेलं बरं." तो चालायला लागलासुद्धा. मी मागोमाग गेलो. आता सांग, आता सांग, असं मन म्हणत होतं, आणि प्रत्येक पावलाला ते सांगणं जास्त अवघड होत होतं. पहिल्या मिनिटाला जी गंमत म्हणून खपली असती ती दहाव्या मिनिटाला गुन्हा वाटायला लागते.

मेन गेटजवळ सिक्युरिटीची काचेची केबिन होती. तिथं एक फौजदार उभे होते, जगदाळे नावाचे, रुंद बांध्याचे, शांत आवाजाचे. तौफिकनं त्यांना नमस्कार केला आणि सांगायला सुरुवात केली. खेळ आहे, सहा डबे आहेत, गटाचे लोक आता घरी पाठवले. जगदाळ्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग आम्हा दोघांना केबिनमध्ये घेऊन दार लावलं. शेळकेमामाही आत होते. लांबवर अंगण दिसत होतं, पिवळी फीत, आणि पोलिसाच्या हातातला पट्टा ताणत बाकाकडे निघालेलं कुत्रं.

"आता नीट सांगा," जगदाळे म्हणाले. "त्या बाकाखाली डबा कुणी ठेवला?"

पंखा फिरत होता. जगदाळे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग तौफिककडे वळले.

"तुम्ही?"

"आम्हीच, साहेब. मागच्या रविवारी. पण आमचा डबा प्लास्टिकचा आहे. आरपार दिसतो. आत बुद्धिबळाची दोन प्यादी, एक वही आणि पेन्सिल. बाकी काही नाही. वर लेबल आहे, माझा नंबर आहे."

"मामा, तुम्ही काय पाहिलं?"

"स्टीलचा डबा, सायेब. काळ्या टेपनं गुंडाळल्याला. लेबलबिबल काय न्हाई. मी वाकून कान लावला तर आतनं टिक टिक टिक. तसाच पळालो."

"प्लास्टिकचा डबा नव्हता?"

"न्हाई सायेब. एकच व्हता."

तौफिकनं माझ्याकडे पाहिलं. "सुहास, सांग की साहेबांना. आपला डबा प्लास्टिकचा आहे ना?"

माझ्या पाठीवर सॅक होती. प्लास्टिकचा डबा तिच्यात होता. त्याचा एक कोपरा मला बरगडीपाशी टोचत होता. मी मान हलवली. हो म्हणून.

"नाव?" जगदाळ्यांनी डायरी काढली.

"सुहास टिळेकर. हडपसर."

"तुमचं?"

"तौफिक मुजावर. राहतो चंदननगरला. मूळ इचलकरंजी."

पेन थांबलं. फार नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढंच. मग जगदाळ्यांनी ते लिहून घेतलं आणि आवाज न बदलता विचारलं, "चंदननगरला कुणाबरोबर राहता?"

"दोन मित्र आहेत. दोघं नोकरी करतात."

"त्यांची नावं?"

तौफिकनं नावं सांगितली. जगदाळ्यांनी ती लिहिली. मग खोलीचा पत्ता. मग घरमालकाचं नाव. मग मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टिळेकर, तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर आलो. दार मागं बंद झालं.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पिण्याच्या पाण्याचा नळ होता, तिथं जाऊन दोन ओंजळी प्यायलो. पाणी शर्टावर सांडलं. काचेतून तौफिक दिसत होता. खुर्चीवर बसला होता, दोन्ही तळहात गुडघ्यांवर, शाळेतला मुलगा बसतो तसा. प्रश्न ऐकू येत नव्हते. उत्तर देताना प्रत्येक वेळी तो मान थोडी पुढं करायचा. एक हवालदार आत गेला आणि टेबलावरचा मोबाइल घेऊन बाहेर आला. वायरलेसवर तो कुणाला तरी चंदननगरचा पत्ता सांगत होता. त्या खोलीवर मी कितीदा झोपलो होतो! आता तिथं पोलिस जाणार होते, ती दोन निष्पाप पोरं रविवार म्हणून कपडे धूत असणार, आणि त्यांच्या दारावर थाप पडणार.

आणि तरी मी मूग गिळून उभा होतो. आता माझी भीती पासपोर्टची राहिली नव्हती. तौफिकनं विचारल्यावर मी मान हलवली होती. म्हणजे पोलिसांशी खोटं बोललो होतो. आता खरं बोललो तर ते म्हणतील, मघाशी खोटं का बोललास? आणखी काय लपवतोयस? या सगळ्याची मी मनात उलटसुलट मांडणी करत होतो. बुद्धिबळात मी पाच चालींपुढचं बघतो असं मला वाटायचं. त्या नळापाशी उभं राहून मी पन्नास चालींपुढचं बघत होतो आणि प्रत्येक डावात फक्त स्वतःला वाचवत होतो.

अंगणात कुत्र्यानं बाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ते परत आलं. ते बसलं नाही की भुंकलं नाही. तरी टिकटिक चालूच होती, म्हणून बॉम्बशोधक पथकातला एक माणूस जाड गाद्यांसारखा पोशाख चढवायला लागला. दोघंजण त्याला मदत करत होते. एकानं त्याच्या गळ्यापाशी पट्टा बांधला आणि खांद्यावर थोपटलं. तो माणूस काहीतरी बोलला, दुसरा हसला नाही. मग तो एकटाच त्या काळ्यापांढऱ्या फरशांवरून हळूहळू बाकाकडे निघाला. माझ्या एका आचरट गमतीसाठी कुणाचा तरी बाप किंवा मुलगा देवाचं नाव घेत चालला होता.

तेवढ्यात केबिनची सरकती काच उघडली. तौफिक खुर्चीवरून उठून खिडकीशी आला होता. मागून जगदाळे "बसा, बसा" म्हणत होते. त्यांना न जुमानता त्यानं डोकं बाहेर काढलं.

"सुहास! लांब जा रे!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "इथं सगळ्या काचा आहेत! फुटलं तर अंगावर येतील! गेटबाहेर जा लेका, उभा काय राहिलायस!"

त्याला वाटत होतं तो खरा बॉम्ब आहे. आपलं नाव त्यात अडकलंय हे त्याला माहीत होतं, आपल्याला कुठं नेणार हे माहीत नव्हतं, आणि त्याला काळजी पडली होती ती माझ्या अंगावर काचा येतील याची.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. मी केबिनच्या दाराशी होतो आणि दोन्ही हातांनी दार बडवत होतो.

"घड्याळ आहे! साहेब, घड्याळ आहे ते! बुद्धिबळाचं! मी ठेवलंय, सकाळी आठ वाजता मी ठेवलंय, त्याला काही माहीत नाही!" आणि दार उघडताच सॅकमधला प्लास्टिकचा डबा काढून मी त्यांच्या टेबलावर आपटला. दोन प्यादी, वही, पेन्सिल. वर पांढरं लेबल.

जगदाळ्यांनी लेबल वाचलं. तिन्ही भाषांतलं वाचलं. मग वायरलेस उचलला आणि पोशाखातल्या माणसाला थांबायला सांगितलं. "घड्याळ आहे म्हणतोय. तरी तुम्ही तुमच्या पद्धतीनंच करा." त्यांनी त्यांच्या पद्धतीनंच केलं. हूक आणि दोरी लावून लांबून डबा ओढला, तो फरशीवर आडवा झाला, झाकण निघालं, आणि माझं लाकडी घड्याळ उन्हात घरंगळत बाहेर आलं. 

"कानाखाली वाजवायला पाहिजे तुमच्या," जगदाळे मला म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं तुम्ही तिथं उभे होतात."

मी टेबलावर आपटलेला डबा सरळ करून ठेवला.

"तरी बोललात. पुष्कळ लोक तेवढंही बोलत नाहीत." 

दोन वाजेपर्यंत जबाब चालले. मी लेखी माफीनामा दिला. पुढं कारवाई झाली नाही. पासपोर्टही झाला, जर्मनीही झाली. आमच्या गटात ही गोष्ट नंतर कित्येक वर्षं सांगितली गेली, आणि दर वेळी त्यात माझा भाव वाढत गेला. सुहासनं दार बडवून मित्राला सोडवलं. पठ्ठ्यानं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी ऐकून घ्यायचो.

पण त्या दिवशी दोन वाजता काय झालं ते कुणी सांगत नाही, कारण तिथं आम्ही दोघंच होतो.

एका हवालदाराबरोबर फिरून तौफिकनं उरलेले पाचही डबे गोळा केले. एकेक उघडून दाखवला. गोट्या, फासे, खोट्या नोटा, कवड्या. हवालदार एका डब्यातली वही चाळत "छान आहे खेळ" म्हणाला. तो गेला आणि आम्ही पार्किंगमध्ये तौफिकच्या मोटरसायकलपाशी आलो. डबे पिशवीत भरून त्यानं पिशवी हँडलला अडकवली.

"मला माफ कर," मी म्हणालो. "मी घाबरलो होतो रे. खरंच घाबरलो होतो."

"मीपण."

"तुझं नाव ऐकून त्यांनी लगेच तुला धरलं. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाव ऐकल्याबरोबर त्यांचं पेन थांबलं, ते मी बघितलं. अशी कशी ही माणसं?"

तौफिक हेल्मेट हातात घेऊन उभा होता. त्यानं ते टाकीवर ठेवलं.

"नाव त्यांनी नंतर विचारलं, सुहास."

"काय?"

"आधी विचारलं, डबा कुणी ठेवला. नाव तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. दोन पोरं समोर उभी होती, सारख्याच जीन्समधली." तो अगदी हळू बोलत होता, रागावल्यासारखा नाही, सुटत नसलेलं कोडं समजून घेतोय तसा. "ते तुझ्याकडं बघत होते. आणि तू माझ्याकडं बघितलंस. मग ते माझ्याकडं वळले."

मला नाही म्हणायचं होतं. मी असं केलं नाही, तुला भास झाला, असं म्हणायचं होतं. पण मला तो क्षण आठवला. प्रश्न आला आणि माझी मान वळली, आपोआप. मी काही ठरवलं नव्हतं. खोलीत दोघांपैकी एकावर आळ येणार आहे असं दिसल्यावर माझे डोळे त्याच्यावर जाऊन थांबले. पोलिसांना त्याचं नाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"तौफिक..."

"सोड. बोललास ना शेवटी?" त्यानं किल्ली लावली. "तू बोललास हे मी विसरणार नाही. पण तू काही म्हणू नकोस आता."

तेवढ्यात पोलिसांनी परत दिलेला त्याचा फोन वाजला. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच ढासळला. सबंध दिवसात, त्या केबिनमध्येसुद्धा ढासळला नव्हता. 

"अम्मीचा. टीव्हीवर लागलं असणार." फोन वाजून बंद पडला आणि परत वाजायला लागला. त्यानं तो माझ्यापुढं धरला. "तू बोल. माझा आवाज ऐकला तर तिला कळंल."

त्याच्या घरी मी दोनदा गेलो होतो. काकींनी मला वाढताना कधी पुरे म्हणू दिलं नव्हतं. मी फोन कानाला लावला.

"तौफिक? आरं फोन का उचलंना?"

"काकी, मी सुहास."

"सुहास! बाळा, टीव्हीवर काय दावायलेत रं? तुमच्या हापिसात बॉम्ब घावला म्हणं. तौफिक कुठं हाय?"

"इथंच आहे, माझ्याशेजारी. हेल्मेट घालतोय. बॉम्ब वगैरे काही नव्हतं काकी, गैरसमज झाला. सगळं मिटलं."

"पोलिसांनी त्याला काय इचारलं न्हाई न्हवं?"

तौफिक पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा बांधत होता.

"नाही," मी म्हणालो.

"तू सकाळपास्नं त्याच्यासंगंच व्हतास न्हवं?"

"हो काकी."

पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "मग घोर न्हाई बघ. म्हणून तर मी त्याला दर फोनला सांगत असते. असल्या खेळाला एकटा जात जाऊ नको, काय झालं तर तुझं कोण ऐकंल? सुहासला संगं घेऊन जा."

त्या आणखी काहीतरी म्हणाल्या, पुढच्या वेळी तौफिकबरोबर चटणी पाठवते की काय. मी हो हो म्हणालो आणि फोन बंद करून तौफिकला दिला.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"काळजी करत होत्या," मी म्हणालो, आणि मागं बसलो. त्यानं मला हडपसरला घरापर्यंत सोडलं.